गाठोड्यातील देव आणि कपाटातील देव

आपल्या मंदिराच्या वरच्या मजल्यावरील मोकळ्या खोलीत एक लहानसे कलादालन करावे, आणि बाहेरून इंदुरास येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या जुन्या वस्तू, चित्रे व देवघरांतील मूर्ती तेथे मांडाव्यात, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. सूचना चांगली आहे. तीवर जागेचा, खर्चाचा आणि काचेच्या कपाटांचा विचार सुरूही झाला आहे. परंतु आमच्या मते या सूचनेच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला असून त्याचा विचार झाल्याखेरीज सुतारास बोलावण्यात अर्थ नाही. एका घराने जी वस्तू पिढ्यान् पिढ्या पूजिली, गाव सोडताना जी सर्वांआधी गाठोड्यात बांधली, तिची पूजा थांबल्यानंतर ती वस्तू कोणाची? त्या घराची, देवाची, मंदिराची, की पाहावयास येईल त्या प्रत्येकाची?

अशा वस्तू कोठून येतात, हे पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्यास निराळे सांगावे लागत नाही. दरवर्षी दिवाळीपूर्वीची साफसफाई सुरू झाली, की मंदिराच्या पिंपळाच्या पारावर पहाटेच कोणी तरी काही ठेवून गेलेले असते. तडकलेल्या काचेच्या तसबिरी, रविवर्मा छापखान्याची फिकटलेली लक्ष्मी, बोटे झिजून गेलेला पितळी बाळकृष्ण. ज्यांना असे ठेवून जाणे बरे वाटत नाही ते घरी येतात. मुलगा पुण्यास असतो, जुने घर विकले, नव्या सदनिकेत देवघर म्हणजे भिंतीवरची एक फळी. तेव्हा गुरुजी, तुम्हीच काय ते करा. आमचे तीर्थरूप त्या वस्तूंवर अक्षता टाकून क्षमा मागतात आणि सवडीने त्या नर्मदेवर नेतात. (शहरातील कान्ह नदीत असे काही सोडावे अशी तिची स्थिती राहिलेली नाही. काचा व खिळे नर्मदेस अर्पण करण्यात तरी पुण्य कसले, हेही आम्हांस कधी उमगले नाही.) खंडित, जळालेली वा झिजलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे जलात विसर्जन करावे, हा नियम जुना आहे आणि त्यास आमचा विरोध नाही.

या सर्वांत आम्हांस विशेष विचार करावयास लावतो तो टाक. तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी तो केवळ लग्नकार्यात पाहिला असेल. चांदीचा किंवा पितळेचा पातळ पत्रा, आणि त्यावर ठोकून उठविलेली देवता: घोड्यावर बसलेला खंडोबा, शेजारी म्हाळसा, कोणाकडे तुळजाभवानी, कोणाकडे जोतिबा, आणि कित्येक घरांत लढाईत पडलेल्या एखाद्या पूर्वजाचा टाक. दगडी मूर्ती देवळात राहते. टाक तळहातावर मावतो, धोतराच्या टोकात बांधून तो घोड्यावरून किंवा बैलगाडीतून शेकडो कोस नेता येतो. ज्यांना गाव सोडावे लागण्याचा संभव असे, त्यांच्यासाठीच जणू हा देवाचा आकार घडविला गेला.

होळकरांचे घराणे नीरेकाठच्या होळ गावचे. ते माळव्यात आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा मल्हारी मार्तंड आला आणि राजवाड्यात प्रतिष्ठित झाला. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदुरास आली. म्हणजे आपण ज्या नगरीचा अभिमान वाहतो, ती राजधानी झाली ती एका पराभवातून, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राज्याच्या मागोमाग शिलेदार आले, कारकून आले, वैद्य, आचारी आणि आमच्यासारखी पुजाऱ्यांची घरेही आली. प्रत्येकाच्या गाठोड्यात टाक होते.

आता या टाकांची पूजा थांबली म्हणजे त्यांचे काय होते? आपण गणपती आणतो तेव्हा मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतो. उत्तरपूजा झाली, की अक्षता टाकून मूर्ती जागची किंचित हलवितो आणि देवास निरोप मिळाला असे समजतो. पुढे पाण्यात जाते ती माती. यावरून असे दिसते, की आपल्या परंपरेने वस्तू आणि देव यांचा संबंध कायमच्या मालकीचा मानलेला नाही; तो आमंत्रणाचा आणि निरोपाचा संबंध आहे. कुलाचार नव्या टाकांकडे गेला, जुन्यांना विधिपूर्वक निरोप दिला, तर जुन्या पत्र्यात देव उरला नाही असे मानण्यास प्रत्यवाय नसावा. मग उरते काय? उरते ती झीज. पाच-सहा पिढ्यांच्या अंगठ्यांनी चिंच आणि राख लावून घासता घासता खंडोबाच्या घोड्याचे तोंड पुसून टाकलेले असते. ही झीज देवाची नव्हे, माणसांची आहे. देवास निरोप देता येतो. त्या अंगठ्यांना निरोप देण्याचा विधी आम्हांस ठाऊक नाही. म्हणून निरोप दिलेली वस्तू जलात सोडण्याऐवजी जपून ठेवणे हा अधर्म होत नाही, या मतास आम्ही आलो आहो.

तथापि येथेच थांबून कपाटे करावयास घेतली, तर एका चुकीतून दुसरीत पडू. वस्तू वाचते आणि तिची माणसे बुडतात, असेही होऊ शकते. आपल्या येथील केंद्रीय संग्रहालयात हिंगलाजगडाहून आणलेल्या परमारकालीन मूर्ती आहेत. त्यांचे शिल्प इतके सुंदर, की पाहणारा बोलेनासा होतो. पण त्यांच्यापुढे कोणी नवस बोलले, कोणत्या बाईने मुलाच्या तापासाठी त्या दगडावर पाणी ओतले, हे सांगणारे कोणी नाही. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या मूर्तींविषयी तक्रार करणे वेडेपणाचे आहे. पण ज्यांचे नातू अद्याप आपल्या सत्यनारायणास येतात, त्यांच्या वस्तूंची तीच गत होऊ देणे हा केवळ आळस होईल.

कलेसाठी वास्तू बांधण्याचा एक मोठा मनसुबा या शहरात एकदा झालाही होता, आणि तो आज फार थोड्यांस ठाऊक आहे. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून १९३० नंतरच्या वर्षांत माणिकबाग राजवाडा बांधविला. त्याच महाराजांनी पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्रांकुशी या शिल्पकाराकडून 'अवकाशातील पक्षी' या कल्पनेची तीन शिल्पे घेतली; एक कांस्याचे, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचे. ब्रांकुशी जन्माने रुमानियाचा. म्हणजे तोही आपले गाव सोडून आलेलाच. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उभारावे असे ठरले, आणि १९३७ च्या अखेरीस व १९३८ च्या आरंभी तो शिल्पकार त्यासाठी येथे येऊन राहिला. आत पाण्याचे कुंड असावे, तेथे ते पक्षी असावेत, आणि एका वेळी एकानेच आत बसून चिंतन करावे, अशी कल्पना असल्याचे सांगतात. मंदिर झाले नाही. पक्षी पुढे विकले गेले. संगमरवराचे दोन आज ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत, कांस्याचा अमेरिकेत कॅलिफोर्नियात आहे. इंदूरचे पक्षी परदेशी स्थलांतरित झाले, आणि येथे कोणाच्या घरी त्याबद्दल चूल पेटावयाची राहिली नाही. यात महाराजांच्या रसिकतेस उणेपणा देण्याचा हेतू नाही. तशी दृष्टी असलेले संस्थानिक हिंदुस्थानात थोडेच झाले. परंतु जी वास्तू एका वेळी एकासाठी योजिली गेली, तिच्यासाठी हळहळणारेही फार नसावेत, हे स्वाभाविक आहे.

आता याच शहरातील दुसरे चित्र पाहावे. सार्वजनिक गणेशोत्सव आपण मराठी लोकांनी येथे आणला. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री ज्या झांक्यांसाठी सारे इंदूर रस्त्यावर जागते, त्या आपण केल्या नाहीत. त्या केल्या गिरणी कामगारांनी. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या गिरण्यांत राबावयास राजस्थानातून, उत्तरेतून, निमाडातून आणि खानदेशातून माणसे आली. त्यांतील अनेकांच्या गावी गणपती बसविण्याची चालही नव्हती. दिवसभर साच्यावर उभे राहणाऱ्या त्या हातांनी कागदाचा लगदा, बांबू, कापड आणि विजेचे दिवे घेऊन हलते देव, हलते राक्षस, पुराणांतील प्रसंग उभे केले. शंभर वर्षांच्या आसपास ही परंपरा चालत आली आहे. आमचा सण, त्यांचे कौशल्य, आणि पाहणारे सर्व जातींचे व सर्व धर्मांचे, खांद्यावर मुले घेतलेले. ज्यास आपण कलादालन म्हणतो ते या शहरात रात्रभर चाकांवरून चालत असते. तेथे तिकीट नाही, काच नाही, 'हात लावू नये' अशी पाटी नाही. आणि विशेष म्हणजे चित्र घडविणारा व पाहणारा हे एकाच गल्लीत राहतात.

हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या रकमेचा निवाडा होऊन सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये देण्याचा समारंभ झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये, बत्तीस वर्षांनंतर. त्यांतील कित्येक तोवर निवर्तले होते. पण या मधल्या काळात, साचे गंजत असताना आणि घरात चणचण असताना, गिरणीच्या नावाने झांकी निघत राहिली. हे का झाले, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. पगार देणारी गिरणी मेली तरी तिच्या नावाने दिवे लावावेत, यात गिरणीचे प्रेम नसावे. परगावाहून आलेल्या त्या माणसांना या शहरात जो मान मिळाला, तो त्या एका रात्री मिळाला होता. तो सोडावयास ती तयार नव्हती. स्थलांतरितास भाकरी मिळते. त्याच्या हातची वस्तू चार लोकांनी थांबून पाहावी, हे भाग्य त्यास उशिरा मिळते किंवा मिळतच नाही. आपल्या कलादालनास काही प्रयोजन असेल तर ते हे.

इतर ठिकाणच्या उदाहरणांनीही हेच दिसते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावे संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. त्यात तलवारींपेक्षा अडकित्ते, दिवे, कुलुपे, पायाच्या वज्री आणि दौती अधिक बोलक्या आहेत. न्यूयॉर्क शहरात ऑर्चर्ड रस्त्यावर ९७ क्रमांकाची एक जुनी चाळवजा इमारत आहे. १८६३ ते १९३५ या काळात सुमारे ७,००० परदेशी आगंतुक तीत राहून गेले, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या संग्रहालयाने त्या खोल्याच जपल्या. नवी भव्य वास्तू बांधलीच नाही. अमृतसरच्या फाळणी संग्रहालयात, जे २०१७ साली उघडले, फुलकारीचा एक कोट आणि चामड्याची एक बॅग आहे. कोट तिचा, बॅग त्याची. दोघांचे लग्न ठरलेले असताना फाळणीने ताटातूट झाली, आणि निर्वासितांच्या छावणीत ती पुन्हा भेटली. हे सांगणारे कोणी नसते, तर जुन्या बाजारात त्या दोन वस्तूंचे काय मोल आले असते?

तेव्हा आपल्या खोलीविषयी आमचे म्हणणे असे. ज्या घरात टाकांची पूजा चालू आहे, तेथून ते मागू नयेत. कितीही सुंदर असले तरी मागू नयेत. निरोप दिलेली वस्तू घ्यावी, पण नुसती वस्तू घेऊ नये. ती देणाऱ्या आजी-आजोबांस तेथेच सतरंजीवर बसवून, ते जे सांगतील ते लिहून घ्यावे, आणि त्यांच्याच भाषेत लिहून घ्यावे. हिंदीच्या वळणाची जी मराठी आपल्या घरांत बोलली जाते आणि जिला पुण्याचे नातेवाईक हसतात, ती सुधारण्याच्या भरीस पडू नये. दोनशे वर्षांच्या प्रवासाचा तो सर्वांत खरा दस्तऐवज आहे. पश्चिमेची खिडकी मात्र बुजवावी लागेल, कारण उन्हाने छापील चित्रांचे रंग उडतात. आणि जिना आज सभामंडपातून आहे, तो बाहेरच्या अंगणातून करावा. खर्च वाढेल, हे कबूल. परंतु गाभाऱ्यापुढून जाण्यास जो संकोचेल, असा शेजारीही वर यावा, अशी आमची इच्छा आहे.

कारण हे विजय नगर आहे. विकास प्राधिकरणाच्या योजना क्रमांक ५४ मधून वसलेल्या या वस्तीत वाडा नाही, घाट नाही, कोणाची सात पिढ्यांची ओसरी नाही. आपणांपैकी बहुतेक घरे रामबाग, नारायण बाग, जेल रोड इकडून येथे आली. म्हणजे स्थलांतरितांतील स्थलांतरित. आपल्या शेजारी १९४७ नंतर सिंध सोडून आलेल्यांची घरे आहेत, निमाडातून शिक्षणासाठी आलेली मुले आहेत, बुंदेलखंडातून येऊन इमारतींवर पहारा करणारी माणसे आहेत. आपण या शहरात आलो ते राज्यकर्त्यांच्या मागून, घोड्यांच्या टापांबरोबर; ही माणसे आली ती रिकाम्या हातांनी. आपल्या तीन भिंती आपल्या टाकांनी भरल्या तरी चौथी त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी, आणि ती वर्षभर मोकळी राहिली तरी घाईने आपल्या वस्तू तेथे टांगू नयेत. सर्व भिंतींवर आपलाच पराक्रम असलेली खोली म्हणजे संग्रहालय नव्हे, सत्काराची जाहिरात होय.

एका गोष्टीवर मतभेद होणार, हे आम्ही जाणतो. तरी ती टाळणे बरे नव्हे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. त्या शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे निघाले, विष्णू चिंचाळकर निघाले, ज्यांनी पुढे वाळकी पाने, साली व टाकाऊ वस्तूंतून रूपे शोधली. आणि त्याच शाळेत मकबूल फिदा हुसेनही शिकले. जन्म पंढरपूरचा, बालपण इंदूरचे. २००६ साली देश सोडला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले, २०११ साली लंडनमध्ये निवर्तले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा येथे केवळ त्यांच्या कलेसाठी एक संग्रहालय उघडले आहे. देवतांच्या त्यांनी काढलेल्या काही चित्रांनी आपल्या समाजाचे मन दुखावले; ती चित्रे आम्हांसही रुचत नाहीत, आणि ती येथे लावावीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु देवळालीकरांच्या शिष्यांची यादी भिंतीवर लिहावयाची, तर त्यांचे नाव गाळता येणार नाही. पंढरपूरहून इंदुरास आणि तेथून जगभर जाऊन परक्या भूमीत देह ठेवणारा मनुष्य जर स्थलांतरित नव्हे, तर मग तो शब्द आपण केवळ आपल्या आवडत्या माणसांसाठी राखून ठेवला आहे, असे होईल. आमचे तीर्थरूप या मताशी सहमत नाहीत. मंदिराच्या छताखाली काय लिहावे यात गाभाऱ्याचा अधिकार पहिला, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही. यावर आमच्या घरी एकाहून अधिक जेवणे थंड झाली आहेत. सभासदांनी सर्वसाधारण सभेत दोन्ही बाजू ऐकून ठरवावे.

दरम्यान एक काम सभेची वाट न पाहता करता येईल. वस्तूंची नोंदवही आजच घालावी. आम्ही एका जाड वहीत रकाने आखून ठेवले आहेत: वस्तू, देणाऱ्याचे नाव, कोणत्या गावाहून व केव्हा आली, पूजा केव्हा थांबली, निरोपाचा विधी कोणी केला. शेवटचा रकाना मागाहून जोडला. त्यात ती वस्तू घरी परत केव्हा न्यावयाची ते लिहावयाचे आहे. नातवाच्या मुंजीस किंवा लग्नास ज्यांना आपले जुने टाक एक दिवस पाटावर मांडावेसे वाटतील, त्यांनी आठ दिवस आधी कळवावे; ते लाल फडक्यात बांधून घरपोच दिले जातील.